तांबे, पाणी आणि संगणक: घरच्या कारागिरीचा नोंदवायचा राहिलेला इतिहास

१/ काचेची पेटी, आत काटकोनात वळवलेल्या पारदर्शक नळ्या, त्यांतून वाहणारा रंगीत द्रव. घरी बांधलेल्या जलशीतित संगणकाचे छायाचित्र दिसले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, "हे तर भविष्यातले यंत्र!" आणि दुसरी, "निव्वळ पैशाची उधळपट्टी." इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही टिकत नाहीत. त्या पेटीत भविष्य फारच थोडे आहे. व्हिक्टोरियाच्या काळातला स्क्रूचा आटा, अठराव्या शतकातील एका युद्धनौकेने शिकवलेला धडा आणि मोटारींच्या भंगारातून उचललेली कल्पना, एवढा ऐवज मात्र तिच्यात नक्की आहे. #थ्रेड #इतिहास

२/ आधी थोडे भौतिकशास्त्र, कारण त्याविना पुढचा इतिहास कळणार नाही. समान आकारमानाचे पाणी आणि हवा घेतली, तर तापमान एक अंशाने वाढताना पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता पोटात घेते. मिनिटाला चार लिटर पाणी फिरवले आणि त्यात ५०० वॅट उष्णता ओतली, तरी ते पाणी एका फेरीत दोन अंशांनीही तापत नाही. चिप लहान, उष्णता फार आणि आजूबाजूला जागा नाही, अशा अडचणीत पाण्याचा उपयोग होतो तो यामुळे.

३/ येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या रचनेत पाणी चिपला 'गार' करत नाही. ते केवळ उष्णतेचे हमाल आहे. चिपजवळ उचललेला भार ते रेडिएटरपर्यंत वाहून नेते आणि तेथे शेवटी पंखा व हवाच तो भार उतरवून घेतात. म्हणून बंद नळ्यांतले पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. माठातले पाणी होते, कारण माठ पाझरतो आणि बाष्पीभवन उष्णता घेऊन जाते. मे महिन्यात नागपुरातील खोली ४० अंशांवर असेल, तर तेथील सर्वांत महागड्या जलशीतित संगणकातले पाणीही ४० अंशांच्या वरच राहणार. काही हौशी मंडळींनी माठाचेच तत्त्व वापरून उघड्या नळकांड्यात पाण्याचा फवारा सोडणारे मनोरेही बांधले होते. ते चालत, पण रोज पाणी भरावे लागे आणि खोलीत दमटपणा येई.

४/ आता मोठ्या यंत्रांकडे. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्या प्रचंड पंख्यांच्या हवेवर जगत. १९६०च्या दशकात आयबीएमने ३६० मालिकेतील मॉडेल ९१ मध्ये पाणी आणले, पण तेही आडवळणाने: मंडलांवरून जाऊन तापलेली हवा पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन निववायची आणि पुढच्या मंडलांकडे पाठवायची.

५/ खरी झेप आली १९८०मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ सोबत. या यंत्राच्या एका मोड्यूलमध्ये शंभराहून अधिक चिप असत. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला एक छोटा दट्ट्या, दट्ट्यांभोवतीच्या पोकळीत हेलियम वायू आणि या सगळ्यावर पाणी खेळवलेली थंड पट्टी. एका मोड्यूलची उष्णता सुमारे ३०० वॅट होती. त्या काळी हा आकडा अचाट वाटे. २०२२मध्ये घरगुती बाजारात आलेल्या आरटीएक्स ४०९० या एकाच ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे.

६/ क्रे यांची गोष्ट निराळी. १९७६मध्ये लॉस अलामॉसला पोहोचलेला क्रे-१ सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांत बसवलेल्या पोलादी नळ्यांतून शीतकपाटातले फ्रिऑन वाहत असे. लोकांना आठवतो तो त्याचा सोफ्यासारखा गोलाकार आकार. त्या बैठकीखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवलेली होती. १९८५च्या क्रे-२ मध्ये तर मंडले सरळ फ्लोरिनर्ट नावाच्या विद्युतरोधक द्रवात बुडवली. महासंगणकाच्या रचनेत तर्कमंडलाइतकेच नळकामही निर्णायक होते, हे इतिहासलेखक अजून पुरेसे सांगत नाहीत.

७/ महाराष्ट्राचा धागा येथे जुळतो. अशा यंत्रांच्या विक्रीवर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. एकाच अतितप्त मेंदूऐवजी अनेक साध्या प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याचा तो मार्ग होता. पुढे, २०१९मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये मात्र पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेण्यात आले.

८/ या दोन टोकांच्या मध्ये जे घडले ते फार महत्त्वाचे आहे, आणि लोकप्रिय कथनातून नेमके तेच गळते. १९९०च्या दशकात मेनफ्रेमनी जुने बायपोलर तंत्र सोडून कमी वीज खाणारे सीमॉस स्वीकारले. आयबीएमची पहिली सीमॉस मेनफ्रेम १९९४मध्ये आली आणि पाहता पाहता पाण्याची जोडणी अनावश्यक झाली. जे 'प्रगत' तंत्र होते ते प्रगतीमुळेच बाहेर फेकले गेले. २००८मध्ये आयबीएमच्याच पॉवर ५७५ या यंत्रात पाणी पुन्हा अवतरले.

९/ तेव्हा "आधी हवा, मग पाणी" अशी सरळ चढती शिडी इतिहासात नाही. पाणी येते, जाते, परत येते. चिपच्या तंत्राने उष्णतेला आवर घातला की नळ बंद होतात. आवर सुटला की उघडतात. घरगुती संगणकात पाणी शिरले ते नेमके अशा वेळी, जेव्हा मोठ्या यंत्रांनी त्याला निरोप दिला होता. त्यामुळे "महासंगणकातून हे तंत्र घरात झिरपले" हे वाक्य कितीही गोड वाटले तरी चूक आहे. घरात आलेले पाणी महासंगणकातून आलेच नाही.

१०/ मग ते कोठून आले? ऑगस्ट १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. पण मदरबोर्डवरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर धावू लागे. गरिबाला श्रीमंताचा संगणक मिळवून देणारी ही युक्ती जगभर पसरली.

११/ किंमत मोजावी लागे ती उष्णतेत. चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दीडपट केला आणि चिप स्थिर राहावी म्हणून दाब २.० व्होल्टवरून २.२ केला, तर वीज सुमारे १.८ पट होते. सेलेरॉन बहुधा साध्या पंख्यावरही हे सोसत असे. २००१चा १.४ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन मुळातच ७२ वॅटांचा, उघड्या चिपचा आणि तापट होता. शिसपेन्सिलीने चिपवरचे तुटलेले सूक्ष्म पूल जोडून गुणक मोकळा करण्याची करामत त्याच पिढीतली. त्याला निववणारे ६० मिलिमीटरचे छोटे पंखे असे किंचाळत की शेजारच्या खोलीत झोप येऊ नये. अनेकांना पाणी हवे होते ते वेगाइतकेच शांततेसाठी.

१२/ बाजारात तयार सामान जवळजवळ नव्हते. म्हणून पंप आला मत्स्यालयातून. जर्मनीच्या आयहाइम कंपनीचे पंप त्या काळी या हौसेची ओळखच बनले होते. नळी बागेची किंवा प्रयोगशाळेची. वॉटर ब्लॉक म्हणजे तांब्याचा ठोकळा, ड्रिलने आडवी-उभी भोके पाडून, नको ती तोंडे बुजवून, डाख देऊन पाण्याची वाट आखलेला. आणि रेडिएटर? तो मोटारीच्या भंगारातून. थंड देशांत गाडीची आतली बाजू उबदार ठेवायला एक छोटा रेडिएटर असतो, हीटर कोअर. शेव्हरोले शेव्हेट आणि पाँटियाक बॉनव्हिल या गाड्यांचे हीटर कोअर हौशी मंडळींच्या तोंडी असत, कारण त्यांच्यावर संगणकाचे १२० मिलिमीटरचे पंखे थोड्या खटपटीने बसत. फिलिपिन्समधील हार्डवेअर लॅब्जसारख्या कंपन्यांनी पंख्यांच्या मापाचे रेडिएटर काढले. पुढे आलेला डी-५ पंपही गरम पाणी खेळवणाऱ्या पंपांच्या कुळातला.

१३/ म्हणजे या तंत्राचे पूर्वज प्रयोगशाळेत शोधणे व्यर्थ आहे. ते गॅरेजात, मत्स्यालयात आणि नळाच्या दुकानात सापडतात. नळाचे दुकान हा अलंकार नव्हे, ते शब्दशः खरे आहे. कसे ते पाहू.

१४/ आजही जगभरच्या वॉटर ब्लॉक, पंप, रेडिएटर आणि टाकीवर जोडणीसाठी जे आटे असतात त्यांना 'जी पाव' म्हणतात. नाव पाव इंची. पण मोजायला गेले तर बाहेरचा व्यास सुमारे १३.१६ मिलिमीटर भरतो, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही अधिक. कारण हे माप आट्याचे नाहीच. जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचे आहे. आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा, जो जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये इंग्लंडमध्ये सुचवला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे.

१५/ ब्रिटिश अमलाबरोबर हाच आटा हिंदुस्थानात आला. मराठी घरातल्या अर्धा इंची नळाचे आटे आणि हजारो कोटी ट्रान्झिस्टरांच्या चिपला पाणी पाजणाऱ्या फिटिंगचे आटे एकाच घराण्यातले आहेत. फरक इतकाच की प्लंबर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतो, तर येथे गळती थोपवण्याचे काम रबरी कडे करते. त्यामुळे फिटिंग हाताने घट्ट केली की पुरते. पान्याने पिळणाऱ्यांच्या अ‍ॅक्रिलिकला तडे गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

१६/ आता युद्धनौकेची गोष्ट. उष्ण समुद्रांत लाकडी जहाजांचे तळ एक किडा पोखरून टाकत असे. उपाय म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड वाचले. पण १७६३मध्ये तपासणी झाली तेव्हा पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी खाऊन गेलेले आढळले. जेथे पत्रा आणि खिळा यांच्या मध्ये वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. व्होल्टाची विद्युतघटमाला अजून सदतीस वर्षे दूर होती. कारण कोणाला ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. दोन धातू आणि खारे पाणी एकत्र आले की त्यांतला एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. १८२४मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हेच तत्त्व उलटे वापरून, जस्त किंवा लोखंड मुद्दाम झिजू देऊन तांबे वाचवण्याचा उपाय मांडला.

१७/ घरच्या संगणकात हाच प्रसंग हुबेहूब घडतो. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर स्वस्तातला म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा घेतला की काही महिन्यांत अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, पांढरट गाळ साचतो, बारीक खाचा बुजतात. 'अलार्म'च्या खिळ्यांची जागा येथे रेडिएटरने घेतलेली असते. "शुद्ध पाणी वापरले की झाले" हेही पुरेसे नाही. डिस्टिल्ड पाणी सुरुवातीला वीज फारशी वाहत नाही हे खरे, पण धातूंच्या संगतीत राहून ते हळूहळू आयन उचलते आणि मग गळलेला एक थेंबही मदरबोर्डाला महाग पडू शकतो. तांब्यावर निकेलचा मुलामा देतात तो शोभेसाठी आणि संरक्षणासाठीही. स्वयंपाकघरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

१८/ या इतिहासाचे शिखर २००४ हे साल. फेब्रुवारीत इंटेलचा 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ आला. त्याच्या वरच्या आवृत्त्या १०० वॅटांच्या पुढे गेल्या. स्टीव्ह जॉब्झ यांनी २००३च्या जूनमध्ये वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक देण्याचे वचन दिले होते. वर्षाने आला तो २.५ गिगाहर्ट्झचा, आणि तोही द्रवशीतित. कारखान्यातून थेट द्रव भरून घरी येणारा तो त्या काळचा सर्वांत नामांकित संगणक. पुढील वर्षांत त्यातील काही यंत्रांना गळती लागली. ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गमतीने गुडघे टेकून माफी मागितली.

१९/ या नाटकामागचे शास्त्र शांत होते. १९७४मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना दाबही त्याच प्रमाणात उतरवला, तर दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. तीस वर्षे उद्योग या सवलतीवर जगला. गळक्या प्रवाहामुळे दाब आणखी उतरवणे अशक्य झाले आणि सवलत संपली. वेगाची शर्यत थांबली, एका चिपवर अनेक गाभे आले. घरातल्या पाण्याचा पहिला काळ, जेव्हा त्याच्यावाचून खरोखर अडत होते, तो येथे ओसरला.

२०/ त्यानंतरचे पाणी वेगळ्या कारणांनी वाहिले. २००९मध्ये कॉर्सेअर एच-५० हा कायमचा सीलबंद, तयार संच आला. तो डेन्मार्कच्या असेटेकने घडवला होता. पंप आणि थंड पट्टी एकाच डबीत बसवण्याच्या पेटंटावरून पुढे न्यायालयीन लढाया झाल्या आणि २०१४मध्ये अमेरिकेतील ज्युरीने एका मोठ्या खटल्यात असेटेकच्या बाजूने कौल दिला. पंप-रेडिएटरची भंगारी जोडणी कायदेशीर मालमत्ता बनली. सुटे भाग आणून स्वतः बांधणाऱ्यांकडे मग उरले ते सौंदर्य: कडक नळ्या, नेमके कोन, रंग.

२१/ येथेच "उधळपट्टी" म्हणणाऱ्यांचा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. आजचे हीटपाइपवाले मोठे हवाई कूलर बहुतेक प्रोसेसरांना पाण्याच्या तोडीस तोड सांभाळतात, कमी खर्चात आणि गळतीच्या भीतीविना. मात्र हा हिशेब ग्राफिक्स कार्डापाशी डळमळतो. २०२५च्या आरटीएक्स ५०९० ची मर्यादा ५७५ वॅट आहे, आणि तेवढी उष्णता शांतपणे बाहेर काढायला मोठा रेडिएटर अजूनही सरस ठरतो. तथापि मूळ उत्तर वॅटांत नाही. हातमागाचे कापड यंत्रमागापेक्षा महाग पडते म्हणून हातमागाचा इतिहास उधळपट्टीचा इतिहास ठरत नाही.

२२/ कारण बांधणीत हस्तकौशल्य आहे आणि ते खोटे नाही. नळीत सिलिकॉनची दोरी सरकवून हीट गनने सर्व बाजूंनी सारखी ऊब द्यायची. घाई केली तर बुडबुडे येतात, उशीर केला तर नळी लोंबते. सर्व जोडून झाल्यावर मदरबोर्डाला वीज न देता, वीजपुरवठ्याच्या मोठ्या जोडणीतील हिरवी आणि काळी तार जोडून फक्त पंप चालवायचा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिपकागद. परंपरेने ही परीक्षा चोवीस तासांची. पेटी तिरकी करून अडकलेली हवा हुसकायची. रात्री उठून टॉर्चच्या उजेडात तो कागद चाचपणाऱ्याला कोणी हौशी म्हणो, पण त्याने बॉयलरची चाचणी घेणाऱ्याचीच शिस्त पाळलेली असते.

२३/ खंत आहे ती वेगळीच. क्रे-१ अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयात दिमाखात उभा आहे. शेव्हेटच्या हीटर कोअरवर चाललेला, तांब्याचा ठोकळा घरी कोरलेला संगणक मात्र इतिहासाच्या पुस्तकात ओळभरही सापडत नाही. त्याची नोंद होती ती चर्चापीठांवरच्या छायाचित्रांत. २०१७मध्ये फोटोबकेटने इतर पानांवर छायाचित्रे दाखवण्याची मोफत सोय एकाएकी बंद केली आणि असंख्य जुन्या लेखांतील चित्रांच्या जागी राखाडी चौकोन उरले. मजकूर सांगतो, "खालील चित्रात भोकांची दिशा पाहा", आणि खाली चित्र नाही.

२४/ गॅरेजात कंपनी सुरू करणाऱ्यांचे गॅरेज स्मारक होते. गॅरेजात केवळ यंत्र बांधणाऱ्यांचे होत नाही. हा भेद इतिहासाने नव्हे, बाजाराने केलेला आहे, आणि इतिहासप्रेमींनी तो जसाच्या तसा स्वीकारण्याचे काही कारण नाही. शंभर वर्षांनी २००१च्या घरगुती तंत्रज्ञानाचा अभ्यास करणाऱ्याला कंपन्यांची जाहिरातपत्रके मुबलक मिळतील. लोक त्या यंत्रांचे प्रत्यक्षात काय करीत होते, हे मात्र त्याला राखाडी चौकोनांवरून ताडावे लागेल.

२५/ लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून, मत्स्यालयाचा पंप लावून त्या काळी असा संगणक ज्या कोणी बांधला असेल, त्याचे अवशेष माळ्यावर असण्याची शक्यता अजून आहे. ठोकळ्याची लांबी-रुंदी, भोकांचा व्यास, पंपाचे नाव, प्रोसेसरचा क्रमांक, खोलीचे व चिपचे तापमान आणि बांधल्याचे साल, एवढ्या सहा गोष्टी छायाचित्राच्या मागे पेनाने लिहिल्या तरी ते कागदपत्र होते. डाखाचा सांधा दिसेल असे एक छायाचित्र जवळून घ्यावे. कोणत्या हत्याराने तो केला असेल हे जाणकाराला त्यावरून ओळखता येते.

(समाप्त)